कागद, ठेका आणि साक्षीदार: ॲना हाल्प्रिनची कामाची रीत

ॲना हाल्प्रिनचं नाव निघालं की लोक तिच्या कॅन्सरची गोष्ट सांगतात. चित्र काढलं, ते नाचून दाखवलं, कॅन्सर गेला. ही गोष्ट एवढ्या तीन वाक्यांत सांगणं चूक आहे, आणि आजारी माणसासमोर सांगणं धोक्याचं. म्हणून आधी तीच नीट लावून घेऊ.

ॲना ही कॅलिफोर्नियातली नर्तकी. जन्म १९२०चा, गेली २०२१ मध्ये, शंभर वर्षं पूर्ण करून. ती आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःचं चित्र काढायला लावायची आणि मग ते चित्र हालचालीत उतरवायला सांगायची. १९७२ साली तिच्या स्वतःच्याच चित्रात ओटीपोटाच्या जागी एक करडा गोळा उमटला. हे चित्र काही तिला नाचवेना. ती डॉक्टरांकडे गेली, तर आतड्याच्या शेवटच्या भागात गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली, शौचाचा मार्ग पोटावर काढावा लागला. पुढे काही वर्षांत आजार परतला. तेव्हा तिनं माणसाच्या उंचीच्या कागदावर स्वतःला काढलं. आधी तरुण, धडधाकट, लख्ख बाई काढली. ती तिला स्वतःची वाटेना. मग कागद उलटून मागच्या बाजूला दुसरी काढली, काळी, संतापलेली. घरची माणसं आणि सहकारी समोर बसवून ती आधी मागची बाजू नाचली, आणि तो राग पुरता निघून गेल्यावर पुढची. त्यानंतर आजार बळावला नाही, आणि ती पुढं चार दशकांहून जास्त जगली.

यावरून नाचानं गाठ विरघळते असं म्हणता येत नाही. तिच्यावर शस्त्रक्रिया झालेली होती, आणि एका माणसाच्या अनुभवावर उपचार ठरत नसतात. रोग हटणं आणि माणूस सावरणं या दोन गोष्टी ॲना स्वतः वेगळ्या ठेवायची. मराठीत घोळ इथंच होतो, कारण दोन्हीला आपण ‘बरं होणं’ म्हणतो. त्यामुळे तिच्या रीतीनं चित्र-नाचाचा गट घेणाऱ्यानं पहिल्याच दिवशी, कुणी विचारायच्या आत सांगून टाकावं: गोळ्या, केमो, तपासण्या यातलं काहीही या कामासाठी थांबवायचं नाही. हे वाक्य माहितीपत्रकात छापून भागत नाही, तोंडानं सांगावं लागतं.

तिच्या आयुष्यातून शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे तिची रीत. कागद, हालचाल, शब्द आणि बघणारा माणूस, एवढ्या चार गोष्टींवर तिनं कॅन्सरच्या रुग्णांचे गट चालवले, काळ्या-गोऱ्या तरुणांना एका मंचावर आणलं, एड्सच्या काळात मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांबरोबर काम केलं. उपचार, कला आणि चळवळ यांची तीन वेगळी खाती तिनं उघडली नाहीत, आणि ती रीत बारकाईनं पाहिली की का ते कळतं.

या रीतीचं मूळ शरीरशास्त्रात आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात ती मार्गारेट एच’डोब्लर यांच्याकडे शिकली. एच’डोब्लर मूळच्या जीवशास्त्राच्या. त्या वर्गात मानवी सांगाडा घेऊन यायच्या आणि खांदा कसा फिरतो, मणके कुठल्या बाजूला किती वळतात हे विद्यार्थ्याला स्वतःच्या अंगावर शोधायला लावायच्या. अमुक मुद्रा करा, असं सांगत नसत. पुढे ॲनाचे पती लॉरेन्स हाल्प्रिन, जे नामवंत निसर्गरचनाकार होते, त्यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला केंटफिल्डच्या घराखालच्या उतारावर, झाडं मध्ये तशीच ठेवून, लाकडी नृत्यमंच बांधला. त्याला चौकोनी आकार नाही आणि ‘समोर’ अशी एक बाजूही नाही. आपण कुणाला दिसतोय हा प्रश्न तिथं आपोआप मागं पडतो. उपचारगटाची खोली निवडताना मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्या सभागृहात स्टेज आणि खुर्च्यांच्या रांगा आहेत, तिथं माणसं कार्यक्रम करायला लागतात. रांगा काढता येत नसतील तर स्टेजकडे पाठ करून गोल करावा. भिंतीला आरसे असतील तर चादरी लावून झाकून टाकावेत.

‘स्कोअर’ हा या रीतीचा कणा. स्कोअर म्हणजे काय करायचं ते ठरवून देणारा आणि कसं करायचं ते सोडून देणारा लेखी आराखडा. उदाहरणार्थ: दहा मिनिटांत खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जा, वाटेत तीनदा थांबा, एकदा तरी पाठ जमिनीला टेकवा. कुणी लोळत जाईल, कुणी ताठ चालत जाईल, दोन्ही बरोबर. लॉरेन्सनी याचं चक्र मांडलं: हाताशी काय आहे ते पाहणं, स्कोअर लिहिणं, तो करणं, आणि केल्यावर काय चाललं नि काय नाही ते बोलून स्कोअर बदलणं. नवशिक्यांच्या हातून स्कोअर दोन प्रकारे फसतो. ‘मनात येईल ते करा’ असं म्हटलं की लोक जागच्या जागी थिजतात, कारण कशाला धरून सुरुवात करायची तेच कळत नाही. आणि प्रत्येक पाऊल सांगितलं की ती शाळेतली कवायत होते. वेळ, जागा आणि एक-दोन अटी पक्क्या ठेवा, बाकी सोडा. आणि स्कोअर लिहून भिंतीवर लावा. तोंडी सूचना घाबरलेल्या माणसाच्या लक्षात राहत नाहीत.

आता चित्राचं सत्र. पुढची मापं आणि वेळा आपल्याकडच्या खोल्या आणि माणसं धरून दिली आहेत.

आठ ते दहा माणसं, घेणारे दोघं. दोघं हवेतच, कारण एखाद्याला बाहेर न्यावं लागलं तर उरलेल्या गटाजवळ कुणीतरी असावं लागतं. तीन फूट रुंदीच्या ब्राउन पेपरचा रोल आणून माणशी सहा फूट कापायचा. रंगाला ऑइल पेस्टल घ्यावेत. स्केचपेननं माणूस बारीक, नीटनेटकी रेघ काढत बसतो. साधे मेणाचे खडू जोर दिला की मोडतात. ऑइल पेस्टल तळहातानं फासता येतात, दाबून घासता येतात, आणि तो जोरच इथं कामाचा असतो. काळा, लाल आणि पांढरा जास्तीचे ठेवा, तेच आधी संपतात. कागद जमिनीला चारी कोपऱ्यांत चिकटपट्टीनं बसवायचा. सरकणारा कागद सांभाळण्यात लक्ष गेलं की चित्र गेलं.

पहिली वीस मिनिटं फक्त शरीर: तळपाय, गुडघे, ओटीपोट, छाती, मान, या क्रमानं, श्वासाकडे लक्ष देत. मग चाळीस मिनिटं न बोलता चित्र. काही जण जोडीदाराला कागदावर झोपवून त्याची बाह्यरेषा काढून घेतात. अनोळखी किंवा स्त्री-पुरुष एकत्र असलेल्या गटात हे टाळा. मांडीजवळून दुसऱ्याचा हात फिरणं अनेकांना सोसत नाही, आणि ते तसं बोलूनही दाखवत नाहीत. त्यापेक्षा कागद भिंतीला लावून पाठ टेकवून उभं राहायचं, डोकं, खांदे आणि पाय एवढ्याच खुणा करायच्या, बाकीचं शरीर स्वतः काढायचं. चित्र झालं की चार पावलं मागं जाऊन पाच मिनिटं नुसतं बघायचं. कुठं रंग दाटलाय, कुठली जागा कोरी राहिली? मग चित्राच्या तोंडून तीन वाक्यं लिहायची, ‘मी’नं सुरू होणारी.

यानंतर एकेकानं आपलं चित्र सहा-सात मिनिटं हालचालीत करायचं आणि बाकीच्यांनी साक्षी राहायचं. साक्षीदाराला आधी शिकवावं लागतं. त्यानं बोलताना ‘मी पाहिलं’ किंवा ‘मला जाणवलं’ एवढंच म्हणायचं. ‘तुमचा हात छातीपाशी तीनदा गेला’ हे चालतं. ‘तुम्हाला आईचा राग आलाय’ हे चालत नाही. अर्थ लावायचा हक्क ज्याचं चित्र त्याचा. शेवटची वीस मिनिटं दुसऱ्या, छोट्या कागदावर पुन्हा चित्र: आता काय बदललं? मध्ये चहा धरून एकूण साडेतीन तास लागतात. दोन तासांत कोंबायचा प्रयत्न केला की नेमकं हे दुसरं चित्रच गळतं.

आणि तिथंच सगळ्यात मोठी चूक होते. ॲनानं या प्रवासाचे पाच टप्पे सांगितले होते: ओळखणं, सामोरं जाणं, मोकळं करणं, बदलणं, आणि तो बदल रोजच्या जगण्यात रुजवणं. बहुतेक गट तिसऱ्यावर थांबतात. सगळे रडले, मिठ्या मारल्या, सत्र छान झालं असं वाटतं. पण उघडं झालेलं माणूस मग एकटं बसनं घरी जातं आणि रात्रभर जागं राहतं. म्हणून एकूण वेळेच्या दोन-तृतीयांशापर्यंत तिसरा टप्पा संपलाच पाहिजे. रुजवण्याचा टप्पा अगदी साधा असावा: उद्या सकाळी करायची एक हालचाल, आठवड्यात ज्याच्याशी बोलायचं असा एक माणूस. उलट चूकही होते. काळी बाजू टाळून थेट लख्ख चित्राकडे पळणं. ॲनालाही आधी तेच सुचलं होतं.

चित्रासमोर कुणाची नजर एकाच जागी खिळली, श्वास वरवरचा झाला, हाकेला ओ येईनाशी झाली, तर काम तिथंच थांबवा. डोळे उघडे, पाय जमिनीवर, खोलीत दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं, थोडं पाणी. ‘येऊ दे, बाहेर येऊ दे’ म्हणून पुढं ढकलू नका; अशा वेळी बाहेर काही येत नाही, माणूस स्वतःपासून तुटतो. आत्महत्येचे विचार सध्या चालू असलेल्या किंवा भास होत असलेल्या माणसाला या सत्रात घेऊ नये. त्याला आधी मनोविकारतज्ज्ञांकडे पोचवावं. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्याला सर्जनची परवानगी लागते. पोटावर शौचाची पिशवी असेल तर ती आधी रिकामी करायला वेळ आणि जवळ स्वच्छतागृह, सैल कपडे, पालथं झोपणं नाही, जोरानं वाकणं नाही.

तिचं सामाजिक काम याच साधनांवर उभं आहे. लॉस एंजेलिसच्या वॉट्स या काळ्या लोकांच्या भागात १९६५ मध्ये रागाचा मोठा उद्रेक, दंगल झाली. तिथल्या स्टुडिओ वॉट्स या संस्थेच्या जेम्स वुड्स यांनी ॲनाला बोलावलं. तिनं घाईनं काळे-गोरे एकत्र केले नाहीत. वॉट्समधला काळ्या तरुणांचा गट आणि सॅन फ्रान्सिस्कोतला गोऱ्यांचा गट यांच्याबरोबर तिनं काही महिने वेगवेगळं काम केलं, त्याच स्कोअरवर. मग दोन्ही गट थोडेच दिवस एकत्र आणले आणि १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या मार्क टेपर फोरममध्ये प्रयोग झाला. प्रेक्षकांना आत यायला दोन दारं होती, एकाशी काळे कलाकार ओळीनं उभे, दुसऱ्याशी गोरे. कुठून जायचं ते ज्यानं त्यानं ठरवायचं. माझ्या दृष्टीनं त्या प्रयोगातली सर्वांत धाडसी गोष्ट ती दारं होती; खेळ सुरू व्हायच्या आधीच प्रेक्षकाच्या पायांना उत्तर द्यावं लागलं.

यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे वेगळं काम करण्याचे ते महिने. आपल्याकडे जातींच्या किंवा धर्मांच्या तणावानंतर शांतता समिती लोकांना एका दिवसात एकत्र नाचवते, गाववते, फोटो काढते. ज्यांचा राग बोलून झालेला नाही त्यांना हात हातात धरायला लावलं की राग आत जातो, आणि कमी ताकद असलेल्या बाजूलाच हसावं लागतं. आधी वेगळे गट, तोच स्कोअर, पुरेसा वेळ. एकत्र आल्यावर वाद होणार हे धरून वेळापत्रकातच रोजचा एक तास बोलण्यासाठी ठेवावा.

तिच्या सामूहिक कामाचं दुसरं उदाहरण एका डोंगराचं. ॲनाच्या घरामागच्या टॅमलपाइस डोंगरावर १९७९ पासून पायवाटांवर खून होऊ लागले. बहुतेक बळी स्त्रिया होत्या. वाटा बंद झाल्या. त्याच सुमारास ॲना आणि लॉरेन्स तिथल्या रहिवाशांची कार्यशाळा घेत होते, आणि लोकांच्या चित्रांत डोंगर पुन्हा पुन्हा येत होता. त्यातून १९८१च्या वसंतात एक सामूहिक नृत्य झालं. लोक भीती मोडून डोंगरावर चढले. त्यानंतर थोड्याच दिवसांत खुनी पकडला गेला. यात कार्यकारण शोधू नये. पोलिसांनी आपलं काम केलं, लोकांनी डोंगर परत घेतला. मेक्सिकोतल्या हुइचोल या आदिवासी समाजाचे वृद्ध शामान, म्हणजे विधी करणारे वैदू, दोन होसे मात्सुवा यांनी तिला सांगितलं की हे पाच वर्षं करावं लागेल. ते दरवर्षी होत राहिलं, आणि त्यातूनच आज अनेक देशांत होणारं ‘प्लॅनेटरी डान्स’ जन्मलं. त्याचा स्कोअर कुणालाही वापरता येतो.

स्कोअर असा: मध्यभागी ढोल वाजवणारे. प्रत्येक जण मोठ्यानं सांगतो, मी अमक्यासाठी धावतो किंवा धावते, आणि वर्तुळात शिरतो. एक वर्तुळ धावणाऱ्यांचं, आत एक चालणाऱ्यांचं, त्याहून आत उभं राहणाऱ्यांचं. दमलात तर आतल्या वर्तुळात या, ताकद आली की परत बाहेर. ठेका सोडायचा नाही, एवढंच.

वारीतलं रिंगण पाहिलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. रिंगणाचा आणि याचा संबंध नाही, पण गोल धावणाऱ्या माणसांच्या अंगात काय होतं ते दोन्हीकडे एकच आहे. करायचं असेल तर थोडं गणित करा. साठ जण धावणार आणि दोघांत दीड मीटर अंतर, म्हणजे परीघ नव्वद मीटर, व्यास साधारण एकोणतीस. भोवती मोकळी जागा धरून चाळीस मीटर लांब-रुंद सपाट मैदान लागतं. आदल्या दिवशी चालून खड्डे, दगड, काचा बघा. चुन्यानं वर्तुळं आखा, नाहीतर दहा मिनिटांत गोलाचं अंडं होतं. ठेका मिनिटाला दीडशेच्या आसपास: धावणारे दर मात्रेला पाऊल टाकतात, चालणारे दर दुसऱ्या. वाजवणारे किमान चार, आळीपाळीनं. हलगी किंवा ढोल वाजवणाऱ्याचा हात रंगात आला की लय चढते, लय चढली की शर्यत लागते, आणि मग वयस्क माणूस पडतो. एकानं फक्त लय सांभाळायची, घड्याळ किंवा मेट्रोनोम (ठेका मोजणारं यंत्र) घेऊन. बोलण्याची मर्यादा एक वाक्य. ती आधी सांगितली नाही तर तिसऱ्या माणसापाशी भाषण सुरू होतं. सकाळी साडेसात ते नऊ, वीस ते तीस मिनिटं धावणं पुरे.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. सलग ठेक्यावर एखाद्याच्या, बहुधा एखादीच्या, अंगात येतं. ढोल एकदम बंद करू नका, झटका बसतो. लय हळूहळू निम्म्यावर आणा, ओळखीच्या एका बाईनं जवळ राहावं, गर्दी हटवावी, पाणी द्यावं. त्यावर चर्चा तिथं करू नये आणि फोटो तर अजिबात काढू नयेत.

याच संदर्भात ॲनावर झालेली टीका लक्षात घ्यायला हवी. अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या विधींमधून ती घेत होती, आणि हे उसनं घेणं अनेकांना पटलं नाही. ती टीका मला रास्त वाटते. आपण गोंधळ, जागरण, तारपा घेऊन ‘हीलिंग’ करायला निघतो तेव्हा ज्यांचं ते आहे ती माणसं खोलीत आहेत का, त्यांना मानधन मिळतंय का, आणि ‘नको’ म्हणायची मुभा आहे का, हे आधी बघावं. नसेल तर साधा ठेका आणि साधं चालणं पुरतं.

एड्सच्या काळातलं तिचं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिनं एचआयव्हीबाधित पुरुषांचा आणि स्त्रियांचा असे वेगळे गट चालवले, आणि १९८९ मध्ये बाधित माणसं, त्यांची काळजी घेणारे आणि इतर सगळे मिळून मोठं सामूहिक नृत्य केलं. ज्यांना हात लावायला लोक घाबरत होते त्यांना इतरांनी हातांवर उचलून घेतलं, प्रेक्षकांसमोर. इथं उपचार कुठं संपला आणि चळवळ कुठं सुरू झाली ते दाखवता येणार नाही. पण असं काही लोकांसमोर करताना संमती दोनदा घ्यावी: सत्राची वेगळी, मंचावर येण्याची वेगळी, आणि दुसरी प्रयोगाच्या दिवशी सकाळी पुन्हा विचारावी. एचआयव्ही असलेल्याची ओळख त्याच्या लेखी संमतीशिवाय उघड करायला आपल्याकडे २०१७च्या कायद्यानं बंदी आहे. गटाचा फोटो टाकताना हे विसरलं जातं.

या वाटेनं जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. ॲना आणि तिची मुलगी डारिया यांनी १९७८ मध्ये टॅमाल्पा इन्स्टिट्यूट काढली, आणि पुढं ही रीत तिथल्या शिक्षणातून टिकली. भारतात नृत्य-हालचालींवर आधारित उपचारांचे अभ्यासक्रम आहेत. निवडताना प्रत्यक्ष सत्रं किती तास घ्यावी लागतात आणि त्यावर अनुभवी माणसाची देखरेख किती आहे ते विचारा. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र घेऊन आघात झालेल्या माणसांसमोर उभं राहू नये. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ ही उपाधी भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीशिवाय लावता येत नाही. मुलांबरोबर काम असेल तर पॉक्सो कायद्यात लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. म्हणून ‘इथलं इथंच राहील’ असं मुलांना बिनशर्त वचन देऊ नका. देखरेखीचा खर्च फीमध्ये धरा. वस्तीतला फुकट गट आणि पैसे देणारा गट एकाच आठवड्यात ठेवला तर दुसऱ्यावर पहिला चालतो.

२००५ मध्ये, पंच्याऐंशी वर्षांची असताना, ॲनानं पन्नासहून अधिक वृद्धांना झुलत्या खुर्च्यांत बसवून तळ्याकाठी नृत्य केलं. आपल्याकडे एवढ्या झुलत्या खुर्च्या सहसा हाताशी नसतात. साध्या, हात असलेल्या, चार पायांच्या खुर्च्या घ्या. प्लास्टिकच्या खुर्च्या फरशीवर सरकतात, म्हणून मागचे पाय भिंतीला टेकवा. स्कोअर: दोन्ही तळपाय जमिनीवर, वजन पुढं, वजन मागं, श्वासाच्या गतीनं, पाच मिनिटं. मग शेजाऱ्याकडे बघत तेच. ज्यांचे पाय टेकत नाहीत त्यांच्या पायांखाली पाट ठेवा.